शेंडे बाईंच्या गाडीचं तेल

"यशा, हे तेल हाय का कोकम सरबत?" गफूर उस्तादांनी डब्याचं तोंड उजेडाकडे करून विचारलं.

तेल लालभडक होतं. शेंडे बाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या, कुबडी भिंतीला टेकवून. त्या हसून म्हणाल्या, "पिऊन बघा उस्ताद. उन्हाचं बरं वाटेल."

"बाई, तुमच्या गाडीचे लाडच लई. आमच्या जीपगाड्या काळं तेल पिऊन निम्मी जिंदगी काढत्यात."

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मार्च महिना, शनिवार, दुपारचे तीन. साताऱ्यात आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे उस्तादांचं, आणि मी तिथला मोठा मिस्त्री. वय तीस, आयटीआय झालेला, स्वतःला उस्तादांच्या खालोखाल समजणारा. खरं सांगायचं तर खालोखाल नव्हे, थोडा वरचाच समजत होतो. बोलून दाखवत नव्हतो एवढंच.

शेंडे बाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पुढे एका गावातल्या हायस्कूलच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. पंधरा वर्षं त्यांनी एसटीनं ये-जा केली. कंडक्टर दंडाला धरून वर ओढायचा आणि मागून कुणीतरी ढकलायचं. "दिवसातून दोनदा माझं पोतं चढतं आणि उतरतं," असं त्या स्वतःच म्हणायच्या. मग पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वापरलेली ऑटोमॅटिक गाडी त्यांनी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. उजवा पाय त्यांचा खणखणीत होता. अशा गाड्या तेव्हा सबंध साताऱ्यात चार असतील नसतील.

गाडी चालवायला त्यांना मी शिकवलं. ज्या दिवशी त्या एकट्या घाट चढून गेल्या आणि एकट्याच परत आल्या, त्या दिवशी पेढे घेऊन थेट गॅरेजवर आल्या. "आज मला कुणाचा हात लागला नाही," एवढंच म्हणाल्या. उस्तादांनी तोंड फिरवून उगाचच एका टायरमधली हवा तपासली. तो माणूस तसा होता. आम्हाला शिव्या घालताना जीभ अडखळायची नाही, पण कुणाचं बरं झालेलं बघवत नसल्यासारखा डोळे लपवायचा.

शिकवायच्या त्या महिन्यात मी रोज बाईंबरोबर वर जायचो आणि शाळा सुटेपर्यंत गाडीतच बसायचो. वेळ जाईना म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं. इंग्रजी माझं यथातथाच, पण चित्रं होती, आकडे होते. महिन्याभरात ते पुस्तक मी दोनदा वाचून काढलं. याचा कुणालाच पत्ता नव्हता. बाईंना नाही आणि उस्तादांना तर नाहीच नाही. उस्तादांना पुस्तकी मिस्त्र्यांची चीड होती. पूर्वी एकदा मी दुपारच्या सुट्टीत इंजिनाचं कुठलंसं पुस्तक वाचत होतो, तर त्यांनी ते गिऱ्हाइकासमोर माझ्या हातातून घेतलं आणि जॅकखाली सरकवलं. "हितं उपेगाला आलं बघ," म्हणाले. गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

गिअरचं तेल बदलायचं मीच काढलं होतं. तेल मोजायची काडी काढून हुंगली तर जळका वास, रंग काळाकुट्ट. पुण्याच्या डॉक्टरांनी गाडी घेतल्यापासून ते बदललंच नसावं. तेल पुण्याहून मागवलं तेही मीच. काम आपणच करायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तर शनिवारी गाडी आत आली आणि उस्ताद बाह्या सारत उठले. "आसली गाडी पैल्यांदा खोलायची, तर हात माझा लागंल. यशा, तू फडकं धर."

मी फडकं धरलं.

काम त्यांनी सुरेखच केलं, खोटं कशाला बोलू. तळाची तबकडी उतरवली, काळं तेल घमेल्यात सोडलं, आतल्या चुंबकावर साठलेला करडा गाळ बोटानं पुसून बाईंना दाखवला. "बघा बाई, ह्यो तुमच्या गाडीचा मुतखडा." तेल गाळायची जाळी नवी बसवली, तबकडी रॉकेलनं धुऊन परत आवळली, आणि नरसाळं लावून लाल तेल ओतलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळली की पुढचं सगळं कळेल. इंजिनाचं तेल गाडी बंद करून मोजतात. सगळ्या जगाला ते ठाऊक आहे आणि उस्तादांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं. या गिअरच्या तेलाचं उलटं असतं. इंजिन चालू हवं, चांगलं तापलेलं हवं, तरच काडी खरं माप दाखवते. इंजिन बंद असताना तेल खाली येऊन साचतं आणि काडी जास्त दाखवते. पुस्तकात हे चौकट करून, ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

उस्तादांनी बंद इंजिनातच काडी घातली, पुसली, परत घातली. तेल खुणेच्या दोन बोटं वर.

"जास्त झालं," ते म्हणाले. नळी सोडून त्यांनी लिटर-सव्वा लिटर तेल एका बाटलीत काढून घेतलं. काडी बरोबर खुणेवर आली. ते समाधानानं मागे सरले.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. "उस्ताद, इंजिन चालू करून बघा." एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलेही होते. तेवढ्यात ते बाईंकडे वळून म्हणाले, "ह्यो आमचा यशा म्हनतो, तेल पुण्यावरनंच आनाया पायजे. उद्या म्हनंल मिस्त्री बी पुण्यावरनंच आना."

बाई हसल्या. तिथे टेकलेले दोन जीपवालेही हसले. मी तोंडातले शब्द गिळले आणि फडक्यानं बॉनेट पुसायला लागलो.

गाडी बाहेर काढून उस्तादांनी सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी चालली. बाई स्टिअरिंगवर बसल्या, काच खाली करून मला म्हणाल्या, "यशवंतराव, सोमवारपासून दहावीचे पेपर. केंद्र आमच्याच शाळेत आहे आणि मीच केंद्रसंचालक. साडेनऊला वर पोहोचले नाही तर प्रश्नपत्रिकांची पाकिटं फुटायची नाहीत. गाडी दगा देणार नाही ना?"

"उस्तादांनी केलीय बाई," मी म्हणालो. त्यावर त्या निर्धास्त होऊन गेल्या.

रविवारी गॅरेज बंद. त्या काढून घेतलेल्या तेलाची बाटली मी सकाळीच पिशवीत घातली आणि स्कूटर काढली. बाई शाहूपुरीत राहायच्या. गाडी फाटकाबाहेरच उभी होती. इंजिन चालू करायचं, दहा मिनिटं तापू द्यायचं, नळीतून तेल ओतायचं, काडी बघायची. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. उस्तादांना कळलंही नसतं. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी स्कूटर बंद न करता दोन मिनिटं थांबलो आणि परत फिरलो. बायकोनं विचारलं, कुठे गेला होतात. म्हटलं, असंच, चक्कर मारून आलो.

सोमवारी सव्वानऊला गॅरेजचा फोन वाजला. मी हात घालायच्या आत उस्तादांनी तो उचलला आणि नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "यशा, जीप काढ."

घाटातल्या चौथ्या वळणाला दगडी कठडा आहे. गाडीनं त्यात नाक खुपसलं होतं. कठडा फुटला नव्हता म्हणून गाडी दरीत गेली नाही. बाईंना एका दुधाच्या टेंपोवाल्यानं आधीच सिव्हिलला नेलं होतं. वळणावर करवंदाची जाळी तोडणारा एक म्हातारा उभा होता. त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. तो सांगत होता, "गाडी वरडत हुती ओ. लई वरडत हुती, पर जाग्यावरनं हलंना. बाई आत काय तर दाबत हुत्या. आन् मग एकदम सुटली."

म्हणजे काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. चढावर तेल मागे गेलं, पंपाला मिळेना, गिअर सुटला. बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. वळणावर गाडी जराशी सपाट झाली, तेल पुढे आलं आणि गिअरनं एका क्षणात सगळा जोर धरला. बाईंचा पाय तेव्हाही ॲक्सिलरेटरवरच होता. उस्ताद मात्र ब्रेक तपासत होते. पुन्हा पुन्हा खाली वाकून ते ब्रेकच्या नळ्या चाचपत होते. "ब्रेक बराबर हाय रं," म्हणत होते. "मग झालं काय?"

मी जीपमधला दोर काढायला गेलो.

बाई वाचल्या. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता, तो काढावा लागला. उजवा, म्हणजे चांगला पाय. त्यांच्याकडे होता तेवढा एकच.

तीन दिवसांनी विम्याचा सर्व्हेअर आला. त्यानं गिअर खोलायला लावला, तेल मोजलं आणि आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं, "हे तेल इंजिन चालू ठेवून चेक केलं होतं का?" उस्तादांना प्रश्नच कळला नाही. मग त्यानं शाळेतल्या मुलांना समजवावं तसं समजावून सांगितलं. उस्ताद ऐकता ऐकता खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी बाईंचे भाऊ आले. कराडला वकील होते. आवाज न चढवता बोलणारा माणूस, आणि अशा माणसांची भीती जास्त वाटते. त्यांनी मला आणि उस्तादांना समोरासमोर उभं केलं. "काम कुणी केलं?"

"म्या केलं," उस्ताद म्हणाले.

"आणि तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शेजारीच होतात ना?"

माझी लेक तेव्हा तीन महिन्यांची होती. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. त्या क्षणी मला तिचीच आठवण झाली, म्हणून सांगतो. मी म्हणालो, "मी उस्तादांना सांगितलं होतं. इंजिन चालू करून बघा म्हटलं होतं."

उस्तादांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग वकील साहेबांना म्हणाले, "व्हय. त्यो म्हनला हुता. म्याच ऐकलं न्हाई."

मी हबकलो. वाटलं, त्यांना खरंच तसं आठवत असेल. माणसाला धक्का बसला की असं होतं म्हणतात. त्या रात्री मी स्वतःची तीच समजूत घातली आणि पुढे कित्येक वर्षं घालत राहिलो.

उस्तादांनी त्यानंतर हातात पाना धरला नाही. गॅरेजच्या चाव्या एका शुक्रवारी नमाजाला जाताना माझ्या हातात ठेवल्या आणि परत मागितल्या नाहीत. जो भेटेल त्याला ते सांगायचे, "यशानं सांगितलं हुतं. माझ्या मगरुरीनं बाईंचा पाय गेला." ही गोष्ट साताऱ्यात पसरली. पुढे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या, आणि लोक म्हणायला लागले, त्या गाड्यांचं खरं कळतं ते फाळके मिस्त्रीलाच, म्हणजे मला, उस्तादांच्याही आधी त्याला कळलं होतं. कोरेगाव-फलटणहून गाड्या येऊ लागल्या. आज माझ्याकडे सात माणसं कामाला आहेत. माझं हे सगळं दुकान उस्तादांच्या त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

आणि मी? मी रोज दहा इंजिनं चालू करतो. एखादी गाडी जागेवर उभी राहून ओरडायला लागली की मी हातातलं काम टाकून बाहेर जातो. पोरांना वाटतं मिस्त्रींना शुगर आहे. मी घाटानं जात नाही. मेव्हण्याचं लग्न कासच्या बाजूला होतं, तेव्हा ताप आल्याचं सोंग केलं. शाहूपुरीत तर त्या रविवारनंतर मी पाऊल टाकलं नाही. बाईंना एकदाही भेटायला गेलो नाही. उस्ताद मात्र जायचे, हे मला माहीत होतं. दर ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन जायचे.

यंदा रमजानच्या आधीच उस्ताद गेले. मातीला मी होतो, खांदाही दिला. त्यानंतर दीड महिन्यानं फोन आला.

"यशवंतराव, मी प्रमिला शेंडे. घरी येता का एकदा? गाडीचं काम नाही," असं म्हणून त्या हसल्या. आवाज तोच होता.

बाई आता साठीला आल्या आहेत. चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल. घरात भाच्याची माणसं होती, त्यांनी चहा ठेवला आणि आत गेली. मी खुर्चीच्या अगदी कडेला बसलो.

"उस्ताद शेवटच्या ईदलाही आले होते," बाई म्हणाल्या. "पायऱ्या चढवेनात तर अंगणातच बसले. मलाच बाहेर नेलं भाच्यानं. तुमच्याबद्दल बोलत होते."

"काय म्हणाले?"

"तेच. यशानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." बाईंनी शाल सारखी केली. "यशवंतराव, त्या शनिवारी मी त्या बाकावर होते हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही काहीच बोलला नव्हतात."

मी खाली मान घातली. एकोणीस वर्षं ज्या क्षणाला घाबरत होतो तो क्षण आला, आणि गंमत म्हणजे मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"मी हे उस्तादांना पहिल्याच ईदला सांगितलं," बाई पुढे म्हणाल्या. "म्हटलं, तो मुलगा खोटं बोलला, तुम्ही का गप्प बसलात? तर म्हणाले, मला ठाऊक हाय बाई. त्यो न्हाई बोलला. पर आमा दोघांचंबी नाव गेलं तर गॅरेज बुडलं. माझं वय झालं. त्याचं ल्हान लेकरू हाय. लोकांनी त्याच्या हातात तरी गाडी द्याया पायजे."

उस्तादांना सगळं आठवत होतं. चाव्या देताना आठवत होतं. चौकात उभं राहून माझं कौतुक सांगताना आठवत होतं. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पंगतीत बसून जेवताना आठवत होतं. मी त्यांच्या पानात वाढत होतो आणि ते मला अजून वाढ म्हणत होते.

"तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठी," बाई म्हणाल्या. "उस्तादांनी मला वचन दिलं होतं की ते तुम्हाला एकदा सांगतील. त्यांच्यानं झालं नाही. म्हणून मी सांगते. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं आणि माझ्याही नाही. ते म्हणायचे, त्या पोराला तरी काय ठाऊक होतं? जे मला ठाऊक नव्हतं ते त्याला कुठून असणार? सर्व्हेअरनं सांगितलं तेव्हा दोघांनाही एकदमच कळलं. मग भावाला बघून घाबरला आणि बोलून गेला. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. मलाही ते पटलं. अहो, कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा. मग राग धरायचा कुणावर?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. तोंडावर खरोखरचं समाधान होतं. एकोणीस वर्षांचं एक काम उरकून टाकलेल्या माणसाचं असतं तसं.

आता मी उठू शकत होतो. नमस्कार करून घरी जाऊ शकत होतो. दोघांनीही मला माफ केलं होतं, फक्त चुकीच्या गोष्टीसाठी. मी कप हातात घेतला, परत खाली ठेवला.

"मला माहीत होतं, बाई," मी म्हणालो.

"काय माहीत होतं?"

"इंजिन चालू ठेवून बघायचं असतं ते. तुमची शाळा सुटेपर्यंत गाडीत बसून पुस्तक वाचलं होतं मी. उस्तादांनी तेल काढलं तेव्हा शेजारी उभा राहून मी ते बघत होतो. रविवारी तेलाची बाटली घेऊन तुमच्या दाराशी आलो होतो आणि परत गेलो."

"का?"

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

"गाडी घाटात बंद पडावी असं मला वाटत होतं. नुसती बंद पडावी. मग तुम्ही फोन कराल, मी येईन, चालू करून देईन, आणि उस्ताद चुकले हे सगळ्यांना दिसेल. गाडी अशी एकदम सुटेल असं नव्हतं वाटलं. पण अडावी असं वाटत होतं. सोमवारी सकाळी मी फोनजवळच बसलो होतो."

बाई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. पेपर तपासताना एखाद्या चांगल्या मुलाची कॉपी सापडावी, तशा.

"उस्ताद आधी गेले, ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोन्ही हातांनी चाकं फिरवली. उंबऱ्याशी खुर्ची अडली. मी धरायला पुढे झालो.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या, आणि दोनदा मागेपुढे करून एकट्याच आत गेल्या.